पाणी न घेणारा माणूस

मुरारीराव उतेकरांच्या घरात अठ्ठावीस वर्षांत एकाही चित्रपटाचा शेवट झालेला नव्हता. चित्रपट सुरू व्हायचा, काळ्यापांढऱ्या पडद्यावर पाऊस पडायचा, ओल्या रस्त्यावर बुटांचा आवाज यायचा, भिंतीवर माणसाच्या आधी त्याची सावली चढायची, आणि दहाव्या मिनिटाला मुरारीराव तो बंद करायचे. मग पुढचा पाऊण तास ते टीव्हीकडे पाठ करून उभे राहायचे आणि आत्ता जे दिसलं ते कसं केलंय हे समजावून सांगायचे. चेहरा आधी का दाखवला नाही, नळ का टपकत होता, खोलीत कुणी नसताना खुर्ची का डुलत होती. ललिताबाई दर वेळी विचारायच्या, "अहो, पण पुढे काय होतं?" आणि मुरारीराव दुखावले जायचे. पुढे कुणीतरी कुणाचा तरी खून केलेला असतो आणि इन्स्पेक्टर येतो, त्यात बघण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. कला सगळी पहिल्या दहा मिनिटांत. नंतरची नुसती निस्तरानिस्तर.

मुरारीराव राहायला महाडात आणि नोकरीला पोलादपूरच्या एका कचेरीत. तिथे त्यांनी तीस वर्षं इमानेइतबारे कागद पुढे सरकवले होते. पण कागद कोणीही सरकवतो. आपल्याला खरं कळतं ते फक्त भीतीचं पहिलं पाऊल, असा त्यांचा स्वतःबद्दलचा समज होता, आणि ते जगालाही कळावं अशी फार इच्छा होती. गेल्या वर्षी तळ्याजवळच्या वाचनालयात त्यांचं या विषयावर भाषण झालं. बाराव्या मिनिटाला, स्तब्धतेचं महत्त्व पटवून देण्यासाठी, ते तीन सेकंद गप्प राहिले. श्रोत्यांना वाटलं, संपलं. टाळ्या वाजल्या आणि सभागृह चहाकडे गेलं. बेचाळीस मिनिटांचं उरलेलं भाषण खिशातच राहिलं आणि वर्षभर मुरारीरावांना टोचत राहिलं.

या वर्षी वाचनालयाच्या चिटणीस समीक्षाताई, ज्या कॉलेजात शिकवतात आणि कुणाचं मन मोडत नाहीत, त्यांनी मुरारीरावांना पंधरा मिनिटं दिली आणि हळूच सुचवलं की यंदा सांगण्यापेक्षा काहीतरी दाखवा. मुरारीरावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ते स्वतः एका रहस्यपटाचं पहिलं दृश्य चित्रित करून आणतील. फक्त पहिलं. घरी आल्यावर ललिताबाईंनी शांतपणे पोळी लाटता लाटता अट घातली: दाखवा, पण एक जरी माणूस मधे उठला, तर या घरात पुन्हा पहिल्या दृश्याचं नाव निघणार नाही, आणि इथून पुढे प्रत्येक चित्रपट शेवटपर्यंत बघायचा. मुरारीरावांनी भरल्या ताटावर हो म्हटलं. आंबट ढेकर यावा तशी भीती त्यांना नंतर आली. हा विषय गेला तर आपल्याकडे बोलायला उरतं काय, हे आठवून बघता त्यांना कचेरीतले जावक क्रमांक तेवढे आठवले.

दृश्य तसं साधं होतं. पहाटेचं धुकं. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एक एसटी थांबते. आधी दिसतात बूट. मग बॅग. एक अनोळखी माणूस धुक्यातून वाडीत चढून येतो आणि पहिल्या घरासमोर उभा राहतो. तो बोलत नाही. दार उघडतं. बस. तो कोण, का आला, हे मुरारीरावांनाही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. जागा ठरली पायरकोंड. घाटाच्या पायथ्याची सत्तावीस घरांची वाडी. तिथे त्यांचे मावसभाऊ कुशाबा राहतात आणि थंडीत नदीवरून असं धुकं चढतं की समोरची म्हैस नुसती ऐकू येते.

खालच्या मजल्यावरच्या अनिलरावांनी, जे कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सर्वांना सल्ले देतात, ड्रोन लावा म्हणून सांगितलं. अनोळखी माणसाचे बूट ड्रोनमधून कसे दिसतील, या प्रश्नावर त्यांनी मग एक गाणं तरी टाका म्हटलं. लांब काळा कोट महाड आणि पोलादपूर मिळून कुठेही मिळेना, तेव्हा काळ्या रेनकोटावर भागवलं. हॅट मिळाली ती घाटातल्या स्ट्रॉबेरीच्या टपरीवरची, गवताची, पर्यटक बायका घालतात ती. तिची गुलाबी फीत काढून मुरारीरावांनी तिला दोन डब्या बूटपॉलिश फासलं. आणि बस फाट्यावर दोन मिनिटं थांबावी म्हणून रीतसर अर्ज केला.

कोणत्या कार्यालयात केला ते नाव सांगत नाही, कारण मुरारीरावही शेवटपर्यंत त्याचं नाव आदरानेच घेत. तिथे त्यांना विचारण्यात आलं की चित्रीकरणाचा विषय काय. त्यांनी लिहिलं, रहस्यमय. खिडकीपलीकडच्या बाईंनी सांगितलं की रहस्य काय आहे ते सोबत जोडा. मुरारीराव म्हणाले, रहस्य उघड केलेलं नाही. मग हरकत आहे की नाही ते आम्ही कसं ठरवणार, असं विचारून बाईंनी अर्ज परत केला. मुरारीरावांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज याच आवाजात परत केले होते, त्यामुळे त्यांना राग येण्याआधी थोडं कौतुकच वाटलं. राग बाहेर पायऱ्यांवर आला. सात फेऱ्यांनंतर कुशाबांकडून कळलं की ती बस पायरकोंड फाट्यावर रोजच पाच मिनिटं थांबते, दुधाचे कॅन चढवायला.

पहिलं चित्रीकरण कार्तिकात झालं. अनोळखी माणूस म्हणून महाडच्या मोबाईलच्या दुकानातला अक्षय घेतला होता. अख्खी वाडी इस्त्रीचे कपडे घालून कॅमेऱ्याकडे बघत रांगेने उभी होती. तेही चाललं असतं. पण अक्षय रेनकोट घालून, नजर खाली ठेवून, जड पावलांनी पहिल्या वळणावर आला आणि एका म्हातारबाबांनी विचारलं, कंच्या गावचे? अक्षयने सवयीने सांगितलं, कापड्याचे. कापड्याचे म्हणजे कुणाचे? सकपाळांचे. म्हणजे आमच्या आक्काच्या जावेच्या माहेरचे का? तिसऱ्या प्रश्नाला अनोळखी माणूस ओटीवर बसून कांदेपोहे खात होता. चौथ्याला त्याचं शिक्षण आणि पगार विचारून झाला. मुरारीराव कॅमेरा बंद करून धुक्याकडे बघत बसले. पौषात अक्षयचा साखरपुडा त्याच घरी झाला आणि त्याने निरोप पाठवला की होणाऱ्या सासुरवाडीत मला आता अनोळखी दिसता येणार नाही.

रहस्यपट परदेशातच का सुचले याचा उलगडा मुरारीरावांना त्या दिवशी झाला. तिथे माणूस अनोळखी असू शकतो. पोलादपूर तालुक्यात त्याला तीन प्रश्नांपलीकडे अनोळखी राहता येत नाही. तेव्हा असा माणूस हवा होता ज्याचं या बाजूला नात्यागोत्याचं कुणी नाही, आणि जो तोंड उघडणार नाही. देवाची कृपा अशी की त्याच महिन्यात कचेरीत लातूरकडून बदली होऊन अश्विन आला. उंच, वाळकुडा, डोळ्यांखाली मुळातच काळं, आणि साहेबांना नाही म्हणायला घाबरणारा. मुरारीरावांनी त्याला बजावलं: काहीही झालं तरी बोलायचं नाही. कुणी बस म्हटलं तर बसायचं नाही. कुणी पाणी दिलं तर घ्यायचं नाही, कारण पाण्यानंतर चहा येतो आणि चहानंतर सोयरीक. मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही. कट हा परका शब्द मुरारीरावांना नको होता. त्यांनी शब्द ठरवला, संपलं.

या वेळी वाडीला कळू द्यायचं नव्हतं. चित्रपटाचा नाद आपण सोडला, असं मुरारीरावांनी तिथे पसरवलं होतं. खरं फक्त कुशाबांना सांगितलं आणि त्यांच्याकडून कुलदेवतेची शपथ घेतली.

माघातल्या एका शुक्रवारी, अश्विनला अलीकडच्या थांब्यावर बससाठी सोडून, मुरारीराव उजाडायच्या आत पायरकोंडात पोचले आणि पहिल्या घरासमोरच्या पेंढ्याच्या उडवीत शिरले. घर जानकीबाईंचं. कार्तिकातल्या गोंधळाच्या आधीच त्या लेकीकडे गेल्या होत्या त्या आदल्या दिवशी परतल्या होत्या, त्यामुळे त्यांना या प्रकरणाचा गंधही नव्हता. मुरारीरावांनी पेंढ्यातून मोबाईल बाहेर काढून रोखला. धुकं इतकं अप्रतिम होतं की त्यांना भरून आलं.

बस आली. कॅन वाजले. मग थोडी शांतता, आणि तिच्यातून बुटांचा आवाज. आधी आवाज, मग माणूस, मुरारीराव ओठांतल्या ओठांत म्हणाले. बूट दिसले. बॅग दिसली. मग अश्विन दिसला आणि मुरारीरावांना वाटलं, हा मुलगा जन्मजात नट आहे. त्याने हॅट काढून छातीशी धरली होती, मान खाली होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खरी गोष्ट अशी की दवाने हॅटवरचं पॉलिश विरघळून डोळ्यांत गेलं होतं आणि त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणून तो अंगणात उभा राहिला.

जानकीबाई दार उघडून बाहेर आल्या. मुंबईच्या रातराणीने पोलादपूरला उतरून येणारी माणसं याच बसने येतात, हे त्यांना ठाऊक. त्या आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. अश्विनने तांब्या घेतला नाही. त्यांनी बसा म्हटलं. तो बसला नाही. कुठनं आलाव, विचारलं. तो गप्प.

आता, या खोऱ्यात मरणाची खबर घेऊन येणाऱ्या माणसाची एक रीत आहे. तो उंबऱ्याच्या आत येत नाही. बसत नाही. पाणी घेत नाही. पहिल्या विचारण्याला उत्तर देत नाही, नुसता उभा राहतो, म्हणजे घरच्यांना काय ते कळावं. लातूरच्या अश्विनला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मुरारीराव इथेच जन्मले होते. ही रीत त्यांना पाठ होती आणि त्या क्षणी ती त्यांना अजिबात आठवत नव्हती. त्यांना दिसत होता फक्त मोबाईलच्या चौकटीतला तो न घेतलेला तांब्या, आणि इतकं सुंदर दृश्य आपण कसं सुचवलं याचं त्यांना नवल वाटत होतं.

जानकीबाईंनी तांब्या हळूच पायरीवर ठेवला. मग त्या स्वतः पायरीवर बसल्या.

"भरतचंच हाय ना?" त्या म्हणाल्या.

भरत त्यांचा मुलगा. मुंबईत एका मॉलमध्ये रखवालदार. गणपतीत आईने पाहिलेल्या मुलीवरून भांडून गेला होता तो गेलाच, फोन नाही की काही नाही. अश्विनने मान आणखी खाली घातली. आणि उडवीत मुरारीरावांना रीत आठवली.

त्यांनी चालू मोबाईल तसाच पेंढ्यात खोचला. ते पेंढ्यासकट बाहेर पडले आणि हात वर करून धावत सुटले. हे सगळं थांबवायचं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि थांबवायचा शब्द ठरलेला होता.

"संपलं," ते ओरडले. "संपलं. सगळं संपलं."

जानकीबाईंनी हंबरडा फोडला. पुढच्या मिनिटाला धुक्यातून सत्तावीस घरांची दारं उघडल्याचे आवाज आले. मुरारीराव सांगत होते की कोणी गेलेलं नाही, हे नाटक आहे. पण केसांत पेंढा, धाप लागलेली, आवाज चिरकलेला. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं तसं याचं फिरलं, असं समजून दोघांनी त्यांना धरून खाली बसवलं. त्यांना बसवलं म्हणून त्यांनी पाणी मागितलं, तर खबर आणणाऱ्याला ते कुणी देईना. त्यांनी कुशाबांना हाक मारली. कुशाबा डोक्याचा रुमाल डोळ्यांना लावून सर्वांबरोबर रडत होते. शपथ म्हणजे शपथ. मुरारीरावांनी त्यांना कोपराने ढोसलं, तेव्हा ते कानात म्हणाले, "मुरारी, तूच बोललास ना, कुनाला सांगू नको."

पायरकोंडात फोन लागतो तो फक्त देवळाच्या टेकाडावर. सगळी वाडी जानकीबाईंना धरून वर चढली. भरतचा फोन बंद. रात्रपाळी करून माणूस झोपणार, फोन बंद करणार, हे एरवी कुणालाही सुचलं असतं. कुणीतरी भरतच्या शेजाऱ्याच्या मेव्हण्याला फोन लावला. मग सगळे गप्प उभे राहिले. धुकं, देवळाच्या छपरावरून ठिबकणारं दव, आणि एका फोनकडे बघणारी शंभर माणसं. मुरारीरावांनी जन्मभर ज्याच्यावर भाषणं दिली ती गोष्ट आता त्यांच्या चारी बाजूंना होती, आणि ती थांबावी म्हणून ते घड्याळाकडे बघत देवाला आळवत होते. पुढे काय होतं, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

बावीस मिनिटांनी फोन वाजला. पलीकडून भरत घाबऱ्या आवाजात विचारत होता, कोन गेलं? जानकीबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"जेवलास काय रे?" त्या म्हणाल्या. सकाळचे साडेआठ वाजले होते.

मग वाडी मुरारीरावांकडे वळली. आता त्यांचं म्हणणं सर्वांना पटलं होतं, आणि ते पटलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. मारहाण कुणी केली नाही. बसून विचार झाला. न घेतलेलं पाणी उंबऱ्यावर राहिलं की ते अशुभ, असं जुन्या माणसांचं मत पडलं. दार सत्तावीस घरांचं उघडलं होतं. तेव्हा दोघांनी सत्तावीस उंबऱ्यांवर जाऊन पाणी प्यायचं. पेलाभर, तळापर्यंत. मुरारीरावांनी नवव्या घरी पाण्याऐवजी नुसती सही घेऊन भागेल का म्हणून विचारलं. चौदाव्या घरापासून बायकांना दया येऊन त्या पाण्यामागे चहाही देऊ लागल्या. अश्विनने एकविसाव्या घरी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि शौचालय कुठे आहे ते विचारलं. त्याची लातुरी बोली ऐकून तिथल्या आजींनी विचारलं, कंच्या गावचे?

ते चित्रीकरण दाखवायचं नाही, असं मुरारीरावांनी ठरवलं. त्यांना खरोखरच लाज वाटत होती. त्यांनी समीक्षाताईंना तसं कळवलंही. पण जानकीबाईंचाच निरोप आला: माझं शूटिंग केलाव आणि मला दाखवत नाय? आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी पायरकोंडातून एक टेम्पो तळ्यापाशी येऊन थांबला. त्यातून वाडी उतरली, नऊवारी, रुमाल आणि काठ्यांसकट. शेवटी उतरला भरत. रजा काढून आला होता.

दिवे मालवले. पडद्यावर धुकं पसरलं. बूट वाजले. मुरारीराव पडद्याकडे बघतच नव्हते, ते खुर्च्यांकडे बघत होते. ललिताबाई पहिल्या रांगेत, हात बांधून. बॅग आली. अश्विन आला. तांब्या पुढे झाला. कुणी खोकत नव्हतं. अनिलराव तोंड उघडं ठेवून बघत होते. मुरारीरावांची छाती फुगू लागली.

पडद्यावर जानकीबाई म्हणाल्या, भरतचंच हाय ना? आणि सभागृहात खुर्ची करकरली. भरत उठला.

मुरारीरावांनी डोळे मिटले. एक माणूस उठला होता. अठ्ठावीस वर्षं संपली. उघडले तेव्हा भरत दारातल्या माठाचं पाणी पेल्यात घेऊन परत येत होता. तो आईसमोर वाकला आणि पेला पुढे केला. जानकीबाईंनी पेला घेतला नाही. त्या समोर बघत होत्या, गप्प.

"आये," भरत म्हणाला. "पानी घे ना."

त्या गप्प. शेजारचे चारजण वळले. मागची रांग वळली.

"काय झालं? कोन गेलं काय? बोल ना गो."

पुढची रांग उभी राहिली, कारण त्यांना दिसत नव्हतं. मग सगळेच उभे राहिले. ललिताबाई खुर्चीवर चढल्या. पडद्यावर मुरारीराव पेंढ्यातून बाहेर पडून धावत होते आणि त्यांच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. जानकीबाईंनी पूर्ण सभागृहाला, मुरारीराव मनातल्या मनात मोजत होते, अकरा सेकंद थांबवून ठेवलं.

"शिमग्याला येऊन पोरगी बघणार असशील," त्या म्हणाल्या, "तर घेते."

भरत हो म्हणाला. त्यांनी पेला तळापर्यंत रिकामा केला. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या आणि कुशाबा पुन्हा रडले.

घरी जाताना मुरारीराव तळ्याच्या कडेने चालत होते. दिलेला शब्द ते पाळणार होते. शेवटी त्यांनीच विषय काढला, की एक माणूस उठला, हे मान्य आहे.

"एक?" ललिताबाई म्हणाल्या. "ऐंशी उठले. मीसुद्धा उठले. पण गेलं का कोणी?"

मुरारीरावांना हा मुद्दा सुचलाच नव्हता. ते दिव्याच्या खांबाखाली थांबले. काहीतरी समर्पक बोलायला त्यांनी घसा साफ केला, आणि ललिताबाईंनी नेहमीप्रमाणे त्यांच्या दंडाला धरून विचारलं, अहो, पण पुढे काय होतं? भरत येईल का? मुलगी होती त्या टेम्पोत, हिरव्या साडीतली, ती त्यालाच बघत होती, तीच का?

मुरारीरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी घरी जाऊन कॅलेंडर काढलं, शिमग्याच्या दोन दिवसांवर खूण केली आणि सकाळी कचेरीत रजेचा अर्ज दिला. कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, शेवट बघणे.